घरच्यांना सांगितले

दिनकररावांचा पारा चढला की त्यांच्या घरात सगळ्यात आधी वरवंटा लपवला जाई. त्यामागून विळा, पितळी तांब्या, चुलीपुढची फुंकणी. कुणी कुणाला काही सांगत नसे. सून उठून वरवंटा कणगीमागं सारी, बायको मनकर्णाबाई नातवंडांना परसात पिटाळत आणि पहिला मार अंगावर घ्यायला स्वतः मागं राहत. मग थोरला मुलगा बन्सीधर बापाला मागून कवळ घालून सरकीच्या खोलीत लोटी आणि बाहेरून कडी घाली. बन्सीधर लहान होता तेव्हा हे काम चुलते करत. आतून दारावर लाथा बसत, सात पिढ्यांचा उद्धार होई. लाथा थांबल्या की राग उतरला असं समजायचं. तरी एक विडी ओढून होईतो थांबायचं, आणि मगच कडी काढायची. तीस वर्षांची ही रीत होती.

सत्यशीलाला हे कडूबाईनं सांगितलं. सत्यशीला सोनटाकळीच्या उपकेंद्राची नर्स. गाव तिला सिस्टर म्हणे. कडूबाई तिची मदतनीस, गावचीच सुईण, तोंडानं फाटकी. "त्या घरात जायचं तर पदर खोचून जा गं माय," ती म्हणाली होती. "तितं माणसापरीस दाराची कडी जास्ती राबती."

आदल्या वर्षी, विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात दंगा उसळला, तेव्हा आखाड सरता सरता सोनटाकळीची बौद्धवस्ती जळाली. चौदा घरं. सत्यशीलाची भाड्याची खोली त्यांतच होती. ती रजेवर आईकडं गेली होती म्हणून वाचली. परत आली तेव्हा पेटीचं कुलूप तेवढं शाबूत होतं, पेटी नव्हती. कडूबाईच्या पाठीवर बोटभर जाडीचा वळ होता आणि तिचा आंधळा दीर, त्याला बाहेर ओढेपर्यंत, कमरेखाली कोळसा झाला होता.

त्याच आठवड्यात दिनकररावांचा उजवा तळवा भाजला. शेताचा धुरा, बांधावरचं गवत, पेटवला होता, त्यात पाय पडला, असं ते सांगत.

"आखाडात कुणाचा धुरा जळतो गं?" कडूबाई म्हणाली. "चिखलात बैलाचा पाय निगंना, नि ह्यांचा धुरा जळायलाय. बरं, जळाला म्हण. पार हाडापत्तुर भाजंस्तोवर माणसाला कळत न्हाई व्हय?"

त्याचं उत्तर परभणीच्या डॉक्टरांनी दिलं. रक्तातली साखर कित्येक वर्षं वाढलेली होती. पायांना चटका कळायचाच थांबला होता. जखम चिघळली, दोन बोटं कापावी लागली, आणि जन्माची सुई मागं लागली. रोज सकाळी इन्सुलिन, मग जखमेची पट्टी. ते काम उपकेंद्राकडं, म्हणजे सत्यशीलाकडं आलं.

सकाळी सात वाजता ती दिनकररावांच्या ओसरीच्या कडेला बसे. औषधाची बाटली तिच्याच नव्या खोलीत, माठाच्या बुडाशी ओल्या फडक्यात गुंडाळलेली असे. ती काचेची पिचकारी भरी, दंडात सुई देई, मग त्यांचा पाय मांडीवरच्या कापडावर घेऊन पट्टी सोडवी. पू पुसताना तिला राखेचा वास येई. वर्षानंतर जखमेला राखेचा वास येत नसतो, हे तिला कळत होतं. तरी येई. तिची बोटं मात्र हलकीच राहत. ती उठून फाटकापर्यंत गेली की मागं सून तांब्याभर पाणी घेऊन तिची बसायची जागा शिंपडी. तिच्या हातची सुई अंगात चाले. तिचं बूड ओसरीवर चालत नसे.

आरोग्य केंद्राच्या नव्या डॉक्टरांनी त्या उन्हाळ्यात सगळ्या नर्सना बोलावून एक छापील कागद वाटला. साखरेच्या रुग्णाला काय काय सांगायचं त्याच्या अकरा ओळी. सोबत एक वही. वहीत तीन रकाने: रुग्णास सांगितले, घरच्यांना सांगितले, उलट म्हणून घेतले. डॉक्टर म्हणाले, "तुम्ही बोललात म्हणजे सांगितलं असं होत नाही. स्वयंपाक करणाऱ्या बाईशेजारी बसा. एकेक ओळ सांगा. तिनं ती स्वतःच्या शब्दांत परत म्हटली, तर सांगितलं. आणि तिनं काही विचारलं तर खरं तेच सांगा."

बाकीच्या नर्स चहाची वाट बघत होत्या. सत्यशीलाच्या डोळ्यांपुढं बाप उभा राहिला. त्याला छातीचा आजार होता. कंपाउंडरनं पुडी हातात ठेवून "दोन-दोन" एवढंच सांगितलं होतं. दोन महिन्यांत खोकला थांबला, बापानं गोळ्या सोडल्या, आणि पुढच्या पेरणीला तो रक्त ओकत गेला. गोळ्या सोडायच्या नाहीत, हे घरात कुणालाच कुणी सांगितलेलं नव्हतं. उरलेल्या पुड्या आईनं अजून जपून ठेवल्या होत्या.

दुसऱ्याच सकाळी तिनं दिनकररावांना कागद वाचून दाखवला. त्यांनी ऐकलं, म्हणजे पान जुळवलं. सातवी ओळ आली. एकाएकी घाम सुटणे, हात कापणे, भलते बोलणे, विनाकारण चिडणे, मारहाण करणे, ही साखर फार उतरल्याची खूण. अशा वेळी ताबडतोब साखर किंवा गूळ चारावा.

"झालं?" ते म्हणाले.

"तुमचं झालं, मालक. आता आत बाईंना सांगते. चुलीपाशी बसून सांगायचंय."

"आत?" दिनकररावांनी अडकित्ता खाली ठेवला. "तू आत जाणार? माझ्या चुलीपाशी?"

"मग त्यांना इथं बोलवा."

त्यांनी तिचं मनगट धरलं आणि हळूहळू पिळलं. रिकामी पिचकारी तिच्या मुठीतच फुटली. काचेवरून रक्त ओघळलं, तरी त्यांनी धरलेलं सोडलं नाही.

"मी थरथर कापतो, मला भोवंड येती, मला लेकरावानी गूळ चारावा लागतो, हे माझ्या बायकूला सांगणार तू? उद्या तिनं माझ्यापुढं डोळे वर करावेत म्हून?" त्यांचा आवाज अगदी शांत होता. "ह्या घरात मी कशानं मरंल ते कुणाला ठाऊक नसतंय, नर्सबाई. म्हून तर मी जिता हाय."

मग त्यांनी कागद फाडला आणि तिच्या रक्ताळलेल्या हातात परत दिला.

चार महिने तिनं दुसरा रकाना कोरा ठेवला. नवा कागद रोज पिशवीत घालून न्यायची आणि रोज परत आणायची. आतल्या दाराशी बांगड्यांचा आवाज होई, कधी सणसणीत थोबाडीत बसल्याचा. ती पट्टी गुंडाळत राही.

पोळ्याच्या आधी आठ दिवस काशीनाथ आला. हा तिचा वरचा, आरोग्य सहाय्यक. सायकलवरून उतरायच्या आधीच कपाळाचा घाम पुसणारा.

"सिस्टर, सोमवारी साहेब वह्या बघायलेत. साऱ्या केंद्रात एवढं एकच घर कोरं हाय."

"सांगितलं नाही, म्हणून लिहिलं नाही."

"अगं, बाकीच्यांनी तरी कुटं सांगितलंय?" तो हसला. "लिही ना. सांगितले. चार अक्षरं. त्यांच्या घरी जाऊन कोण पाठ म्हणून घ्यायलंय? तुझ्यापायी माझीबी बदली व्हायची, नि तुझी तर किनवटलाच."

आईपासून इतक्या लांब, किनवटला जाणं तिला परवडणारं नव्हतं. तिनं लिहिलं. उरलेल्या दोन्ही रकान्यांत लिहिलं. शाई वाळेस्तोवर ती बघत राहिली. उद्या नदीवर मनकर्णाबाईंना गाठायचंच, असं तिनं मनाशी ठरवलं, आणि तेवढ्यानं तिला झोप लागली.

नदीवर मनकर्णाबाई चादरी आपटत होत्या. मानेवर बोटांचे निळे ठसे होते. पदर ओढूनही झाकले जात नव्हते. सत्यशीला चार हात लांब थांबली.

"बाई, मालकांना कधी एकाएकी घाम फुटून राग आला ना..."

"त्यांना राग आला की घाम येतोच." त्यांनी वर पाहिलंही नाही. "आमाला ठाऊक हाय काय करायचं त्ये. तू नको शिकवू."

"तसा राग नाही. तो निराळा..."

"राग काय निराळा असतो गं? बसतो तितंच बसतो." पलीकडच्या बायका हसल्या. मनकर्णाबाईंनी पिळे बादलीत भरले आणि त्या निघून गेल्या. सत्यशीलानं स्वतःची समजूत घातली, की निदान तोंड तर उघडलं.

पोळ्याच्या सकाळी दिनकररावांच्या दारात बैलांची शिंगं रंगत होती. हिंगूळ, बेगड, झुली. दिनकरराव ताज्या धोतरात बाजेवर बसले होते. गावच्या पोळ्याचा मान त्यांचा. वेशीतल्या तोरणाखालून पहिली जोडी त्यांची जायची.

"आज काय खाल्लं?" सत्यशीलानं विचारलं.

"बैलं जेवल्याबिगर हा माणूस जेवत नसतो. पोळा फुटला, बैलांना पोळी चारली, की मग."

"मग आज सुई नको. सुई घेऊन उपाशी राहिलं तर साखर उतरते. कागदावर आहे."

"पाय सडवती का माझा? दे सुई." मग तिचा चेहरा पाहून ते हसले. "दूध आण गं!" आतून सुनेनं पेलाभर दूध आणून ठेवलं. दिनकररावांनी पेला तिच्यादेखत ओठांपाशी नेला. तिनं सुई दिली. कापूस दाबून ती वर बघते तो पेला चांद्या नावाच्या बैलाच्या तोंडाशी होता आणि बैल जिभेनं पेल्याचं बूड चाटत होता.

"मालक!"

"आमचा उपास मोडाय तू अजून जल्मायची हायस," ते म्हणाले. गडी हसले.

ती परत आली, पण दुपारभर तिचं मन लागेना. चारच्या सुमाराला ती कडूबाईला घेऊन वेशीकडं गेली. वस्तीतली माणसं पोळा लांबून, पिंपळाच्या पारापासून बघत. त्या दोघीही तिथंच थांबल्या. हलग्या कडाडत होत्या. साठ-सत्तर बैल दाटीनं उभे. पुढं दिनकररावांची जोडी, कासरा त्यांच्या हातात. त्यांच्या अंगरख्याची पाठ भिजून अंगाला चिकटली होती. ऊन नव्हतं, आभाळ भरून आलेलं होतं.

कुणाचा तरी बैल धुसमुसला आणि हातभर पुढं सरकला. एवढंच झालं. दिनकररावांनी आईवरून शिवी दिली. मग कुणालाही न समजण्याजोगं, भलतंच काही ते बरळले. हातातला आसूड त्यांनी उचलला आणि सपकन चांद्याच्या डोळ्यावर मारला.

हलग्या थांबल्या. बाशिंग लोंबकळलं. चांद्याच्या डोळ्यातून रक्त आलं आणि गालावरच्या हिंगुळात मिसळलं. त्यांनी आणखी एक ओढला, आणखी एक. बैल गुडघ्यावर आला.

"आवं, पोळा हाय!" एक म्हातारा ओरडला. "लक्षुमीच्या तोंडावर मारायलाय ह्यो!"

बायकोला, सुनेला, गड्याला मारणारा हा माणूस. पण पोळ्याच्या दिवशी बैलावर त्यानं नुसती काठी उगारलेलीही कुणी पाहिली नव्हती. सत्यशीलाची नजर पुन्हा त्या भिजलेल्या पाठीवर गेली. हा दिनकररावांचा राग नव्हता. त्यांच्या रागाला काय करायचं नि काय नाही याची चोख जाण होती.

बन्सीधर पुढं धावला. आसूड त्याच्या तोंडावर बसला. भुवईपासून हनुवटीपर्यंत कातडं उकललं. त्यानं डोळ्यातलं रक्त झटकलं, बापाला कवळ घातली, आणि चौघांनी मिळून त्यांना उचलून घराकडं नेलं.

"बराय," कडूबाई पुटपुटली. "घाला म्हणावं कडी."

सत्यशीला तोवर पळत सुटली होती.

ओसरीपुढं वीसेक माणसं जमली होती. आतून सरकीच्या खोलीच्या दारावर लाथा बसत होत्या. बन्सीधर पायरीवर बसून फडक्यानं तोंड दाबत होता.

"दार उघडा," ती धापा टाकत म्हणाली. "तो राग नाही. त्यांची साखर उतरलीय. गुळाचं पाणी द्या, आत्ताच्या आत्ता."

"तू जा, सिस्टर. आमच्या घरातलं हाय."

"दादा, ऐका तरी..."

ती पायरी चढली. बन्सीधरनं उठून तिच्या छातीवर दोन्ही हात ठेवले आणि ढकललं. ती उताणी अंगणात पडली. दात ओठात रुतले. तोंडात रक्ताची खारट चव आली.

"पुरणपोळी पायजे असंल तिला," मागून कुणीतरी म्हणालं. "द्या की एक."

हसू उसळलं. तिनं रक्त थुंकलं. कुणी हात दिला नाही. वाड्याला वळसा घालून ती परसाकडं गेली. परसदार उघडं होतं. उंबऱ्याच्या आत चूल दिसत होती, तव्यावर पोळी, शेजारी परातीत पुरण. तिनं उंबरा ओलांडला.

सुनेनं किंकाळी फोडली. "आत्याबाई! ही आत आली! चूल बाटली!"

मनकर्णाबाई हातात उलथनं घेऊन वळल्या. सत्यशीलाला वाटलं, आता ते तोंडावर बसेल. ती चुलीपुढं मांडी घालून बसली. डॉक्टरांनी सांगितलं होतं तशी, शेजारी.

"एक ओळ आहे," ती म्हणाली. "चार महिन्यांपूर्वी सांगायची होती. सांगितली नाही, आणि सांगितली म्हणून लिहिलं. आता ऐका. एकाएकी घाम येतो, हात कापतात, माणूस भलतं बोलतो, उगाच मारतो. त्या वेळी त्याच्या अंगातली साखर संपलेली असते. लगेच गूळ-साखर चारायची. म्हणा."

"काय म्हणू?"

"मी म्हटलं ते. तुमच्या शब्दांत."

मनकर्णाबाई तिच्या फुटलेल्या ओठाकडं बघत होत्या.

"घाम येतो," त्या सावकाश म्हणाल्या. "हात कापत्यात. येड्यावानी बोलतो, बैलाला मारतो. त्यो राग नसतो. साखर सरलेली असती. गूळ चारायचा."

"बरोबर."

आणि त्याच वेळी लाथा थांबल्या.

ओसरीवर कुणीतरी "उतरला" म्हणालं. विडीसाठी काडी ओढली गेली. सत्यशीला उठायला लागली. मनकर्णाबाईंनी उलथन्यानं तिला थांबवलं.

"आन् न्हाई चारला तर?"

चुलीत लाकूड तडकलं. प्रश्न अगदी साध्या सुरात विचारलेला होता, पिठात मीठ किती घालायचं, तसा. सत्यशीलाला एक क्षण असं वाटलं की आपण ठाऊक नाही म्हणावं. म्हटलं असतं तर कुणी विचारणार नव्हतं. वहीत सांगितले लिहिलेलंच होतं. ती कडूबाईच्या दिराचे पाय आठवत राहिली, आणि तिला त्या आठवणीची भीती वाटली.

"मरतात," ती म्हणाली. "आधी झटके येतात. मग जीव जातो. लाथा थांबल्या म्हणजे ते शांत झाले असं नाही. बेशुद्ध होतायत."

"किती येळ?"

"घटका-दोन घटका. कमीसुद्धा."

"आन् बाहेरच्यांना वाटंल, राग उतरला."

"हो."

मनकर्णाबाईंनी तव्यावरची पोळी उलटली. ती करपली होती. त्यांनी ती परत उलटली.

"तुझी खोली जळाली हुती ना गं?"

"भाड्याची होती. पेटी जळाली."

"ह्यांचा पाय तितलाच हाय, ठाऊक हाय तुला?"

"रोज धुते."

"एकच पायताण घालून घरी आले हुते. दुसरं मी हुडकत बसले, येडी." त्या हसल्यासारखं बोलल्या, पण हसल्या नाहीत. "तीस वर्सं, बाई. दोन लेकरं पोटात मेली, लाथांनी. आन् तू मला आज सांगायलीस, गूळ."

सत्यशीलाच्या ओठातलं रक्त पदरावर ठिपकत होतं. बाहेर विडीचा वास आला. सरकीच्या खोलीतून आता एक निराळाच आवाज येत होता. कोणीतरी पोतं फरफटत नेल्यासारखा, ठेक्यानं.

मनकर्णाबाईंनी हात धुतले. पुरण चिकटलं होतं, ते त्यांनी नखातूनसुद्धा काढलं. मग फडताळातून गुळाची ढेप काढून वरवंट्यानंच फोडली. वरवंटा आज लपवायला कुणाला सुचलं नव्हतं.

"बन्सी," त्या ओसरीवर येऊन म्हणाल्या. "कडी काढ."

"आई, विडी तर..."

"काढ म्हणलं ना!"

तीस वर्षांत त्यांचा आवाज ओसरीपर्यंत आलेला कुणी ऐकला नव्हता. कडी निघाली.

दिनकरराव सरकीच्या ढिगावर उताणे होते. डोळे पांढरे, टाचा ठेक्यानं भिंतीवर आपटत होत्या. पट्टी सुटून जखम उघडी पडली होती. मनकर्णाबाई वाकल्या. आंधळ्या हातानं दिनकररावांनी बायकोचा बुचडा धरला आणि तिचं डोकं भिंतीवर आपटलं, एकदा, दोनदा. सत्यशीलानं स्वतःला त्यांच्या पायांवर झोकून दिलं. भाजलेला पाय तिच्या बरगड्यांवर बसला, श्वास कोंडला, तरी तिनं तो छातीशी आवळला.

"पाणी ओतू नका, ठसका लागेल! गूळ गालाच्या आतून चोळा. दातांच्या बाहेरून!"

मनकर्णाबाईंनी बोट घातलं. जबडा मिटला. हाड करकरल्याचं सत्यशीलाला ऐकू आलं. मनकर्णाबाईंनी बोट ओढलं नाही. दुसऱ्या हातानं त्या गूळ चोळतच राहिल्या, रक्त आणि गूळ एकत्र, कपाळावरचं रक्त डोळ्यात उतरलं तरी. दारात बन्सीधर, सून, गडी दाटीनं उभे होते. कुणीही आत पाऊल टाकलं नाही.

पाऊण तासानं जबडा सैल पडला. दिनकररावांनी मान वळवली. बायकोचं कपाळ, लोंबणारं बोट, विस्कटलेले केस त्यांनी एकेक करून पाहिले. त्यांना खरंच काही आठवत नव्हतं.

"कुणी मारलं तुला?"

"आज म्हणता," मनकर्णाबाईंनी विचारलं, "का आजवर?"

त्यांची नजर फिरली आणि सत्यशीलावर थांबली. "ही आत कशी?"

"मी बसवली. चुलीपाशी."

सवयीनं त्यांचा हात वर गेला. मनकर्णाबाई हलल्या नाहीत. त्यांच्या मुठीत उरलेला गुळाचा खडा होता.

"मारा," त्या म्हणाल्या. "पण आता मला समदं ठाऊक हाय."

हात तसाच अधांतरी राहिला. तो थरथरत होता. साखर अजून पुरती चढली नव्हती म्हणून, की आणखी कशानं, हे सत्यशीलालाही सांगता आलं नसतं. मग तो सरकीवर खाली आला.

सत्यशीलानं मनकर्णाबाईंचं बोट फळीचा तुकडा लावून बांधलं. बोट पुन्हा वाकणार नव्हतं. बांधून झाल्यावर त्या चुलीपाशी बसल्या आणि त्यांनी सत्यशीलालाही बसवलं. सून तांब्या घेऊन उभी होती; सासूनं तिच्याकडं पाहिलं तसा तिनं तो खाली ठेवला.

"समद्या मिळून किती ओळी हायेत गं?"

"अकरा."

"सांग."

पलीकडच्या खोलीत दिनकरराव बाजेवर पडले होते. मधली भिंत कुडाची. शब्दन् शब्द ऐकू जात होता. सत्यशीला एकेक ओळ सांगत गेली आणि मनकर्णाबाई ती परत म्हणत गेल्या, मोठ्यानं, तोंड भिंतीकडं करून. सुई घेतल्यावर उपाशी ठेवायचं न्हाई. पाय रोज बगायचा, त्याला चटका कळत न्हाई. एकट्याला लांब जाऊ द्यायचं न्हाई. प्रत्येक ओळीगणिक पलीकडं बाज करकरे.

दहावी ओळ आली. "रुग्णावर रागावू नये, त्याला धाक दाखवू नये. त्याच्याशी मायेने वागावे."

मनकर्णाबाईंनी भिंतीकडं केलेलं तोंड चुलीकडं वळवलं.

"म्हणा," सत्यशीला म्हणाली.

"ही नगं."

"बाई, सगळ्या म्हणाव्या लागतात. तसा नियम आहे."

"असू दे. ही मी म्हणणार न्हाई." त्यांनी बांधलेला हात मांडीवर ठेवला. "फुडची सांग."

पलीकडची बाज करकरायची थांबली होती. सत्यशीलानं कागदाकडं पाहिलं, मग त्या सुजलेल्या कपाळाकडं. फुटलेल्या ओठावरून तिनं जीभ फिरवली, आणि अकरावी ओळ सांगितली.